दाबाखालचं तेल

३ नोव्हेंबर

मामा,

तुझ्याजवळ राहणारी ताई म्हणाली, तुझे कान आता पार गेले. फोनवर ओरडून उपयोग नाही, आणि मोबाइलवरच्या मुंग्या तुला वाचता येत नाहीत. म्हणून हा कागद. आमचा टेंपोवाला रोज सकाळी रोपं घेऊन शहरात येतो. तो तुझ्या दाराशी पत्र देईल. उत्तर त्याच्याच हाती दे, म्हणजे संध्याकाळी मला मिळेल.

ह्यांचं तुला कळलंच असेल. हरितगृहाची जाळी बांधताना शिडी सरकली आणि खुब्याचं हाड मोडलं. आत पट्टी आणि स्क्रू घातलेत. डॉक्टरांनी बजावलंय, दोन महिने पाय टेकवायचा नाही. पण तुझा जावई ऐकणाऱ्यातला आहे का? काल मी रोपांना पाणी घालत होते, तर आतून कुबडीचा ठकठक आवाज आला. जाऊन बघते, तर हे घामाघूम होऊन दाराला धरून उभे. म्हणे, "लोडर लावून येतो, पाच मिनिटांचं काम आहे."

तेच काम तुला विचारायचंय. आपला छोटा ट्रॅक्टर आहे ना, त्याच्या पुढचा लोडर ह्यांनी पडायच्या आधी काढून ठेवला होता. आता कडाक्याची थंडी पडायच्या आत सगळ्या वाफ्यांवर भुसा टाकायला हवा, नाहीतर मुळं गोठतील आणि तीन वर्षांची कलमं जातील. भुशाचा ढीग घराएवढा आहे. पाटीनं उचलायला बसले तर उन्हाळा येईल. कंपनीचा मेकॅनिक म्हणतो, महिनाअखेरीशिवाय जमणार नाही.

ट्रॅक्टर मला चालवता येतो. लोडर जोडता येत नाही. चार काळ्या नळ्या लोंबतायत आणि कुठली कुठे जाते ते कळत नाही. ह्यांना विचारलं तर म्हणतात, "ढकल जोरात, बसतंय." एवढंच!

मामा, तुला म्हणून सांगते, मला त्या यंत्राची भीती वाटते. काल त्या नळ्यांसमोर उभी राहिले आणि हात न लावताच परत फिरले. पण मी नाही केलं तर हे उठतील. सोप्या भाषेत लिही. आणि घाबरवू नकोस.

तुझी ठमी


४ नोव्हेंबर

ठमे,

टेंपोवाला खाली चहा पितोय, तोवर लिहितोय. जावईबापूंना माझा निरोप दे: पुन्हा उठलात तर दुसरा खुबा मी स्वतः येऊन मोडीन.

आता ऐक. जन्मभर याच नळ्यांशी झटापट केली मी, आणि माझी दहाही बोटं जागेवर आहेत. तेव्हा भिऊ नकोस.

लोडर म्हणजे काय? दोन हात आणि पुढे एक बकेट. हात वर-खाली होतात, बकेट पुढे-मागे कलते. ही ताकद तेलाची. ट्रॅक्टरचा पंप तेल ढकलतो, ते नळीतून जातं आणि दांडा बाहेर सरकवतं. एका नळीनं जातं, दुसरीनं परत येतं. म्हणून दोन जोड्या, चार नळ्या.

ट्रॅक्टर सावकाश पुढे घे, लोडरचे पाय ट्रॅक्टरच्या खाचांसमोर आले की थांब. ब्रेक लाव, इंजिन बंद कर. किल्ली काढून खिशात घाल, कोणाच्या हातात देऊ नकोस. मग लोडरचा लिव्हर चारी दिशांना दोन-तीनदा हलव, म्हणजे आत अडकलेला दाब सुटतो. हे विसरलीस तर कपलर बसणार नाही, कितीही ढकल. कपलर म्हणजे नळीच्या टोकाचं पितळी तोंड. ते स्वच्छ फडक्यानं पूस, धुळीचा कण आत जाता कामा नये. बाहेरची कडी मागे ओढ, तोंड सरळ दाब, कडी सोड. खट् असा आवाज येईल. मग ओढून बघ, निघता कामा नये.

कुठली नळी कुठे, ते दोन्हीकडच्या रंगीत पट्ट्यांवरून कळेल. उन्हात तापलेली असेल तर नळी हट्ट करते. सकाळी गार असताना लाव.

आणि बकेट जमिनीवर टेकलेली असल्याशिवाय तिच्या खाली-पुढे कोणी जायचं नाही. मांजरसुद्धा नाही.

तुझा बहिरा मामा


६ नोव्हेंबर

मामा,

रंगीत पट्ट्या उडाल्यात. एक लाल राहिलीय, बाकी तिन्ही उन्हापावसानं पांढऱ्या झाल्यात. ह्यांनी अंथरुणातून सांगितलं, "वरची वरच्याला." तसं केलं. तू सांगितल्याप्रमाणे किल्ली खिशात, लिव्हर हलवला, तोंडं पुसली. चारही खट् खट् बसली. मला इतकं बरं वाटलं की मी एकटीच हसले.

मग इंजिन चालू केलं आणि बकेट वर घ्यावी म्हणून लिव्हर मागे ओढला. बकेट वर गेलीच नाही. उलट लोडरचे हात खाली दाबले जाऊ लागले आणि ट्रॅक्टरचं तोंड उचललं गेलं. मामा, पुढची दोन्ही चाकं हवेत, आणि मी वर बसलेली! मला वाटलं, आता हा मागे कोलांटी घेणार. हात लिव्हरवर गोठून राहिला. सोडायचा असतो हेसुद्धा सुचेना. हे खिडकीतून ओरडत होते, "सोड! सोड!" आणि इंजिनाच्या आवाजात मला वाटलं, "ओढ! ओढ!"

कसा कोण जाणे, हात सुटला. चाकं धाडकन खाली आली. मी उतरले आणि वाफ्याच्या कडेला बसून राहिले. हे खिडकीशी रडवेले झाले होते. म्हणाले, "राहू दे, जाऊ देत कलमं." पण थोड्या वेळानं बघते तर कुबड्या पलंगाजवळ ओढून घेतलेल्या.

आता काय करू? खरं सांग, हे बाईमाणसानं एकटीनं करण्यासारखं आहे का?

ठमी


७ नोव्हेंबर

ठमे,

बाईमाणूस, बुवामाणूस यंत्राला कळत नाही. त्याला फक्त नळी कळते. एका जोडीतल्या दोन नळ्यांची अदलाबदल झालीय, बाकी काही नाही. हात वर नेणारी जोडी उलटी बसलीय. बकेट टेकव, इंजिन बंद, किल्ली खिशात, लिव्हर हलव, त्या दोन नळ्या काढ आणि एकमेकींच्या जागी लाव. मग लगेच प्रत्येक नळीच्या टोकाला आणि तिच्या समोरच्या तोंडाला एकाच रंगाची नवी पट्टी गुंडाळ, चार नळ्यांना चार रंग. पुढल्या वेळी जावईबापूंच्या "वरची वरच्याला" या ज्ञानावाचून भागेल.

पहिल्यांदा चालवताना लिव्हर बोटभरच हलव. काही वेडंवाकडं झालं तर हात सोडायचा, तो आपोआप मधे येतो. घरात बसून सराव कर: सोड म्हणजे सोड.

एक सांगायचं राहिलं. लोडर बरेच दिवस उन्हात पडून होता, नळ्या वाळल्या असतील. कुठे तेल पाझरताना दिसलं तर इंजिन बंद कर. नळीला हात लावू नकोस. तेल तापलेलं असतं, चटका बसतो.

घाबरण्यासारखं काही नाही. तू करशील. तुझी आई विहिरीत पडलेली बादली स्वतः उतरून काढायची, तिचीच तू.

मामा


९ नोव्हेंबर, संध्याकाळ

मामा, मामा, मामा!

झालं! तुझ्या तोंडात साखर पडो. नळ्या बदलल्या, पट्ट्या लावल्या, बोटभर लिव्हर ओढला आणि बकेट अशी अलगद वर गेली, जशी काही पाळण्यातून मूल उचलावं. दिवसभरात अर्धे वाफे झाकून झाले. हे खिडकीत बसून हुकूम सोडत होते, "डावीकडे, डावीकडे!" शेवटी मी खिडकीसमोरच भुसा ओतला.

भीती गेली बघ. पहिल्यांदाच वाटलं, हे माझं यंत्र आहे.

हो, तू म्हणालास तशी एक नळी थोडी पाझरत होती. कपलरपासून वीतभर अंतरावर. पाझरत म्हणजे थेंब नाही, उन्हात बारीकसं धुकं दिसत होतं. काम अगदी शेवटाला आलं होतं, म्हणून इंजिन चालूच ठेवून नेमकं कुठून येतंय ते बोटानं चाचपून पाहिलं. रागावू नकोस, चटका बसू नये म्हणून चामड्याचा जाड मोजा घातला होता! चटका नाही बसला. टाचणी टोचल्यासारखं मात्र झालं, तर्जनीच्या पेराला. मोजा काढून पाहिलं तर एक ठिपका, रक्तसुद्धा नाही. दुखतही नाही, नुसतं जड वाटतंय. नळीतली तार टोचली असेल. गरम पाण्यात शेकते, जेवते आणि झोपते. उद्या उरलेले वाफे.

तुझी ट्रॅक्टरवाली ठमी


१० नोव्हेंबर, दुपार

ठमे,

हे पत्र तुला कधी मिळेल ठाऊक नाही. टेंपो निघून गेलाय. पण मला बसवत नाही आणि उभंही राहवत नाही, म्हणून लिहितोय.

तुझं पत्र मी दारातच उघडलं. वरचं वाचून हसत होतो. "धुकं" हा शब्द आला आणि हसू जागीच थांबलं. पुढचं वाचलं आणि चपला न घालता जिना उतरलो. ताई कामावर. मी फोन केला तर तू काय म्हणतेस ते मला कळणार नाही. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो. तिथे एक मुलगी बसते. तिला म्हटलं, पोरी, माझे कान हो.

तिनं तुला फोन लावला. तू उचललास. मी म्हटलं, विचार, बोट कसं आहे? ती थोडं बोलली आणि गोळ्यांच्या खोक्यावर लिहिलं, "त्या हसतायत." मी म्हटलं, सुजलंय का विचार. तिनं लिहिलं, "थोडं. पांढरं पडलंय. टोकाला काही कळत नाही म्हणतात."

मी काउंटर धरलं. दुकानात माणसं होती, ती बघत होती. मी ओरडत होतो म्हणे, मला कुठे कळतंय. म्हटलं, सांग तिला, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात, हाताचं ऑपरेशन करणारा डॉक्टर असेल तिथे. शेकायचं नाही, चोळायचं नाही, काही खायचं नाही. "टोचलं" म्हणायचं नाही, "दाबाखालचं तेल बोटात शिरलं" असंच म्हणायचं. मुलीनं शब्दन् शब्द सांगितला. मग लिहिलं, "त्यांचे मिस्टर फोनवर आलेत. विचारतायत, कितपत घाबरायचं?"

मी म्हटलं, सांग, घाबरता येईल तेवढं.

मग फोन ठेवला गेला. त्यानंतर मला काही माहीत नाही. मुलगी मधूनमधून लावून बघते आणि मान हलवते. कोणी उचलत नाही. म्हणजे तुम्ही निघालात. तसंच असेल ना?

आता तुला खरं सांगतो. तेल तापलेलं असतं हे खरं आहे, पण त्यासाठी मी हात लावू नकोस म्हणालो नव्हतो. त्या नळीत सायकलच्या चाकातल्या हवेच्या पन्नासपट दाब असतो. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून ते तेल सुरीसारखं येतं. चामडं, कातडं, काही मोजत नाही. आत शिरतं आणि बोटातून तळव्याकडे चढतं. दुखत नाही, म्हणून माणूस घरी जातो. आमच्या कारखान्यात एक वेल्डर होता, पैलवान म्हणायचो त्याला. त्यालाही टाचणीच टोचली होती. त्यानंतर तो पैलवान राहिला नाही. खांद्यापासून त्याची बाही पिनेनं वर दुमडलेली असायची.

हे मला माहीत होतं. मी लिहायला घेतलंही होतं. तू म्हणाली होतीस, घाबरवू नकोस. म्हणून "चटका" लिहिलं.

मुलगी बोलावतेय. नाही, दुसरंच कोणी गिऱ्हाईक आहे.

मामा


२९ नोव्हेंबर

मामा,

अक्षर वाकडं आहे, डाव्या हाताचं आहे. एवढं लिहायला तीन दिवस लागले.

ताईकडून तुला कळत होतंच, तरी माझ्या तोंडून ऐक.

तुझा फोन आला तेव्हा मी खरंच हसत होते. ती मुलगी कोण, ती किती गोड बोलतेय, असं वाटत होतं. मग ह्यांनी फोन घेतला आणि ह्यांचा चेहरा बघून माझं हसू विरलं. शेजारच्या मास्तरीणबाईंनी शाळा सोडून गाडी काढली. हे कुबड्या घेऊन मागच्या सीटवर आडवे झाले. मी सांगून थकले, ऐकलं नाही. वाटेत बोट माझ्या डोळ्यांदेखत फुगत होतं. दुखायला सुरुवात झाली ती अशी, की मी बाईंच्या सीटमध्ये दात रुतवले.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ठिपका बघितला. मी "दाबाखालचं तेल" म्हणताच त्या ताडकन उठल्या. पुढे कोणी मला चालूसुद्धा दिलं नाही. सही ह्यांनी केली. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "कधी झालं?" मी म्हटलं, "काल, दिवस मावळायच्या आधी." ते गप्प झाले. मामा, त्या गप्प होण्याची मला जी भीती वाटली, ती ट्रॅक्टरची चाकं हवेत असतानाही नव्हती वाटली.

तीनदा उघडला हात. तळव्यापर्यंत तेल गेलं होतं, धुऊन धुऊन काढलं. दुसऱ्या वेळेला तर्जनी काढावी लागली. बाकीचा हात राहिला. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मनगट गेलं असतं.

गुंगीतून जागी झाले की दर वेळी आधी बोटं मोजायची. अजून मोजते. चार येतात, आणि तरी पाचवं खाजतं.

वाफे शेजाऱ्यांनी मिळून झाकले. थोडी कलमं गेली. आता त्याचं काही वाटत नाही.

तुझं दहा तारखेचं पत्र ह्यांनी मला दवाखान्यात वाचून दाखवलं. मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते. मामा, मी लहान मूल आहे का रे? मी "घाबरवू नकोस" म्हणाले, कारण माणूस असंच म्हणतो. तू ऐकायचं नव्हतंस. मी चटक्याला भ्यायले आणि चटक्यापुरता मोजा घातला. तू खरं लिहिलं असतंस तर मी शंभर हात लांब पळाले असते, आणि माझं बोट माझ्याबरोबर पळालं असतं.

माझा राग आहे तुझ्यावर. जीवही तूच वाचवलास. दोन्ही एकाच वेळी कसं धरायचं ते मला कळत नाही, त्यातून एकच हात.

ठमी


२ डिसेंबर

ठमे,

राग ठेव. मी त्याबद्दल काही म्हणणार नाही.

मी का लपवलं ते मात्र सांगतो. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हा मला दोन माणसं दिसली: भ्यालेली तू, आणि मोडक्या खुब्यानं उठू पाहणारा तो. वाटलं, तू आणखी भ्यायलीस तर तो उठेल. एकाला वाचवायला दुसऱ्याची भीती थोडी कमी करून दिली. यंत्राच्या बाबतीत असला हिशेब चालत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

आता तू लहान मूल नाहीस. सोबत चार पानं जोडलीत. या यंत्राजवळ माणूस कशाकशानं मरतो, अधू होतो, ते सगळं त्यात आहे. उचललेली बकेट आणि तिच्याखाली वाकलेला माणूस. उतारावर भरलेली बकेट उंच धरून वळणारा. वाळलेली नळी. गळती कशी शोधायची तेही आहे: आधी इंजिन बंद, दाब सोडायचा, आणि बघायचंच असेल तर लांब काठीला पुठ्ठा बांधून, डोळ्यांना चष्मा लावून. हात कधीच नाही, मोजा घालूनही नाही. खरं म्हणजे शोधूच नये, सरळ नळी बदलावी. काहीही मऊ केलेलं नाही. ज्यांचं झालं ती माणसं कशी दिसत होती तेही लिहिलंय. लिहिताना मीच दोनदा उठून पाणी प्यायलो.

मेकॅनिकला सांगून चारही नळ्या नव्या घाल. मग ट्रॅक्टरवर बसायचं की नाही ते तुझं तू ठरव. विकलास तरी मला वाईट वाटणार नाही.

मामा


७ डिसेंबर

मामा,

पानं मिळाली. एकटीनं वाचवेनात, म्हणून ह्यांना मोठ्यानं वाचायला लावलं. हे उशीला टेकून वाचत होते, मी पलंगाच्या कडेला बसले होते. सुरुवातीला त्यांचा तो नेहमीचा आवाज होता, "हे तर मला माहीतच आहे" वाला. बकेटखाली वाकलेल्या माणसाशी तो थोडा उतरला. पैलवानाच्या पानाशी आले आणि मधेच थांबले.

मी म्हटलं, "काय झालं?"

म्हणाले, "गळती मी नेहमी अंगठ्यानंच बघतो. उघड्या. इतकी वर्षं."

हे बराच वेळ आपला उजवा अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत घट्ट धरून बसले. नंतर कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "आता तू वाच. पहिल्यापासून."

ठमी